सुखरामची बायको

भूपेंद्र रजेवर घरी आला तेव्हा त्याच्या नखांत हळद होती.

बोलताना मी नवऱ्याला अहो-जाहो करते, सासूसमोर तर नावही घेत नाही. पण हे लिहिताना तेवढा मान द्यायला माझा हात धजत नाही, म्हणून एकेरीतच लिहिते. भिलाईला नेहरू नगरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्युटी पार्लर आहे. लग्नसराईत नवऱ्या मुली सजवण्यावर आमचं निम्मं वर्ष निघतं. त्यामुळे स्वयंपाकाची हळद कोणती आणि लग्नाची कोणती हे मला कुणी शिकवायला नको. स्वयंपाकाची बोटांच्या टोकांना लागते आणि दोनदा भांडी घासली की जाते. लग्नाची तेलात कालवलेली असते, रोज लागते, ती नखांच्या कडेनं मुरते, कोपराच्या सुरकुत्यांत बसते. तो जेवायला खाली वाकला तेव्हा मी त्याच्या कानामागे पाहिलं. तिथेही पिवळं होतं.

"हे काय होय?"

"काय?"

"हळद होय. कोणाच्या लग्नात गेलते?"

"टीममधल्या पोट्ट्याचं लग्न होतं. सगळ्यायनं मलेई लावून देल्ली."

"कानामागं? कोपराले? पोट्ट्याचं लग्न होतं का तुमचं?"

तो टीव्हीकडे बघायला लागला. टीव्ही बंद होता.

माझा नवरा स्पेशल फोर्समध्ये आहे. जगदलपूरच्याही खाली जंगलात त्यांचा कॅम्प. तिथे काय करतो ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही, असं आमचं लग्नापासून चाललंय. किती दिवस जंगलात होता, कोण सापडलं, कोण जखमी झालं, काही नाही. घरी येतो, झोपतो, आमच्या पोरीला, प्राचीला, स्कूटरवर फिरवतो, निघून जातो. मी त्यालाही सरावले होते. बंदुकीशी मी भांडू शकत नाही. हळदीशी भांडू शकते.

सासूबाई, पंचफुलाबाई, आतून म्हणाल्या, "पोराले जेवू दे व. आल्या आल्या काहाले कचकच करून राहिली?"

मी उठले. आत जाऊन माझी आणि प्राचीची बॅग भरायला घेतली. माझं माहेर पद्मनाभपूरला, ऑटोनं अर्धा तास. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज ऐकून तो मागे आला, दार लोटलं आणि पहिल्यांदाच ड्युटीतलं काहीतरी माझ्यासमोर बोलला.

ते असं. जंगलात ही माणसं कितीही दबून चालली तरी पकडली जातात. साबण लावत नाहीत, कारण वास जातो. तंबाखू सोडतात. बुटांना चिंध्या गुंडाळतात. तरी कुत्रं भुंकतं, टिटवी ओरडते, गुरं चारणारा एक माणूस पाहतो आणि पुढच्या डोंगरावर निरोप पोचतो. यांना हवा असलेला माणूस तोवर निघून गेलेला असतो. भूपेंद्रच्या टीममध्ये हिरा नावाची एक मुलगी होती. लहानपणी नक्षल्यांनी तिला जंगलात नेलेलं, मग ती गुपचूप पळून आली आणि आता यांच्याबरोबर वर्दी घालते. गावाला वाटतं ती भिलाईला बांधकामावर मजुरी करते. एका मीटिंगमध्ये ती साहेबांना म्हणाली, तुम्ही चोरासारखे चालता म्हणून सापडता. वाजवत चला.

"म्हंजे?"

"म्हंजे वरात," भूपेंद्र म्हणाला. "आमच्याकडं लग्नाची वरात कधीबी, कोणत्याबी रस्त्यानं जाऊ शकते. मांदर वाजते, लोक नाचते. किती माणसं हायत, कोणी मोजत नाई. असं तिनं सांगितलं."

"अन् नवरा तुमी."

"साहेबानं मलेच काढलं. मराठी येणारा मीच. सालेकसाकडचा, मराठी मुलखातला गोंड, भिलाईत राहतो, गोंडी विसरला, नाव सुखराम. असं ठरलं."

"अन् नवरी ते."

"गाव तिचं होय, निशा. दुसरी कोण राहणार?"

हळद एकाच दिवशी लावून चालणार नव्हती. तिकडची माणसं लग्नं पाहून म्हातारी झालेली. सकाळी लावलेली हळद आणि मुरलेली हळद त्यांना माझ्याइतकीच कळते. म्हणून ही हिराबाई रोज कॅम्पमध्ये बसून माझ्या नवऱ्याला तेल-हळद चोळायला लावत होती. कोण चोळत होतं, हे मी विचारलं. पोट्टे, म्हणाला. बरं.

वरात वाजत-गाजत तिच्या गावी गेली. हत्यारं कुठे लपवली होती ते त्यानं सांगितलं नाही. लग्न झालं, जेवण झालं, आणि सगळं गाव नाचत असताना वऱ्हाडातली निम्मी माणसं डोंगरामागे जाऊन त्यांना हव्या असलेल्या माणसाला धरून आली. एक गोळी सुटली नाही. दुसऱ्या बाजूनं दुसरी टीम मुद्दाम धावपळ करत आली होती, सगळ्यांना वाटलं त्यांनीच धरला. वरातीवर कुणाचा संशय गेला नाही. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते प्राची झाली तेव्हाही आलं नव्हतं.

मला त्या माणसाशी काय करायचं होतं? मी विचारलं, "अक्षता पडल्या का?"

"त्यायच्यात अक्षता नाई टाकत."

"मंग काय टाकतात?"

"पाणी. मोठे लोक दोघांच्या डोक्यावर पाणी टाकतात. पाणी पडलं का लग्न झालं."

"टाकलं?"

"तिच्या मायले काही माहीत नव्हतं. म्हातारीसमोर कसं नाई म्हणू?"

"टाकलं का नाई ते सांगा."

"टाकलं."

मी बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात ठेवले. जायचं कशाला? माझं घर सोडून मी गेले असते तर त्या घरात यायला एक लग्नाची बायको तयारच होती. "दिसाले कशी हाय?" मी विचारलं. म्हणाला, पाहिलं नाई बरोबर. लग्न लागलं आणि पाहिलं नाही! असा नवरा मी माझ्या पार्लरच्या इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

त्यानंतर तो परत गेला आणि मी इथे जळत राहिले. हो, जळत. दुसरा शब्द शोधत नाही. पार्लरमध्ये एखाद्या मुलीला हळदीसाठी बसवलं की माझे हात जोरात चालायचे आणि ती म्हणायची, ताई, हळू ना. फोनवर तो थकलेला वाटला तर मला वाटायचं, हिरा शेजारी बसली असेल. तो खुशीत वाटला तरी तेच वाटायचं. तो जंगलात कसा श्वास घेतो, कुठल्या झाडाखाली झोपतो, कशाला घाबरतो, हे सगळं तिला माहीत होतं. मला त्याच्या पगाराची तारीख माहीत होती. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती हीच. हिंदीत माझी एक गिऱ्हाईक नेहमी म्हणते, सौत तो मिट्टी की भी बुरी. ही मातीची नव्हती, हाडामांसाची होती आणि माझ्या नवऱ्याला वाचवून आणत होती. त्यामुळे तिला शिव्या देण्याचीही सोय नव्हती.

मग पावसाळा संपता संपता भूपेंद्र अचानक थोड्या दिवसांच्या सुट्टीवर आला आणि आईसमोर, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

हिराच्या आईला मोतीबिंदू झाला होता. डोळ्याचं ऑपरेशन भिलाईला करायचं ठरलं आणि म्हातारी हट्ट धरून बसली, की जावयाचं घर बघितल्याशिवाय मी परत जाणार नाही. तिच्याबरोबर हिराचा मामेभाऊ कमलेश येणार होता. हा कमलेश ट्रॅक्टर चालवायचा, आणि गावातलं सगळं जंगलातल्या लोकांपर्यंत पोचवायचा, असा साहेबांचा संशय होता. नाही म्हटलं तर संशय येणार. सुखरामचं घर नाहीच असं कमलेशला कळलं तर वरात खोटी हे कळणार, आणि मग म्हातारी गावी परत गेल्यावर तिचं काय करतील हे सांगायला नको.

"एका दिवसाचं काम होय," भूपेंद्र म्हणाला. "साहेब म्हणते, तू पोरीले घेऊन माहेरी जा. आईले मी समजावतो."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! माझ्या घरात माझी सवत नांदणार, तिची आई पाहुणी येणार, आणि मी माहेरी बसून खिचडी खाऊ? मी म्हटलं, "पोरगी जाईन. मी नाई जात."

"मंग तू कोण म्हणून राहशीन?"

"तुमची बहीण. नवरा बाहेरगावी असतो म्हणून माहेरी आली. पार्लर कोणाचं म्हणून सांगसान नाई तं?"

सासूबाईंना हे सगळं नाटक म्हणून फारच आवडलं. त्यांनी सगळ्यात आधी आमच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून धान्याच्या कोठीमागे ठेवला. त्याच्या वर्दीतला फोटोही काढला. भिंतीवर दोन चौकोनी पांढरे डाग राहिले, तिथे त्यांनी कॅलेंडर आणि देवाचा फोटो लावला. मी बघत होते. मला वाटलं, इतक्या सहज निघतं का हे सगळं?

पाहुणे दुपारी जेवायच्या वेळेला आले. हिराला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सावळी, बारीक, पायांत साधी चप्पल, डोक्यावरून पदर. मी ज्या मुली सजवते त्यांतली कुठलीही तिच्याजवळ उभी केली तर लोक त्या मुलीकडे बघतील, तिच्याकडे नाही. आणि तरी ती आत आली तेव्हा मला तिचा आवाजच आला नाही. मी स्वयंपाकघरात वळले तर ती माझ्या मागे उभी होती, रिकामा तांब्या हातात घेऊन. "दीदी, पाणी," एवढंच म्हणाली. घरी गोंडी असली तरी बाहेरच्यांशी ती तिकडची हलबी बोलायची, मी मराठी. या दोन भाषा इतक्या जवळच्या की आम्हाला एकमेकींचं सहज कळत होतं. तिचं बोलणं मी इथे आपल्या भाषेतच लिहिते.

म्हातारीला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. तिनं भूपेंद्रला समोर बसवलं आणि बोटांनी त्याचं कपाळ, नाक, गाल, मिशा चाचपून पाहिल्या. मग गोंडीत काहीतरी बोलली आणि हसली. हिरा लाजली. खरंच लाजली, नाटक आणि खरं यातला फरक मला कळतो, रोज कॅमेऱ्यासमोर लाजणाऱ्या नवऱ्या बघते मी.

"काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणते, लग्नाच्या दिवशी हाताला गाल लागला होता त्यापेक्षा वाळला आहे. मी खायला घालत नाही का, विचारते."

कमलेश बोलत कमी होता आणि बघत जास्त. त्याची नजर भिंतीवरून फिरली, चपलांच्या जागेवरून फिरली, मग माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्रावर येऊन थांबली. "तुमचे मिस्टर काय करतात?" त्यानं हिंदीत विचारलं.

"बाहेर असतात," मी म्हटलं. "घरी आले तरी नसल्यासारखेच असतात."

भूपेंद्रचे कान लाल झाले. मला फार बरं वाटलं.

सासूबाईंनी पातोडीचा रस्सा, भात, पोळ्या, कढी असा बेत केला होता. भूपेंद्र, कमलेश आणि म्हातारी आधी जेवायला बसले. आम्ही तिघी वाढत होतो. हिरानं भूपेंद्रला वाढताना न विचारता रस्सा कमी आणि भात जास्त वाढला. बरोबर वाढला. त्याला तसंच लागतं. हे तिला कॅम्पमध्ये कळलं असणार, पंगतीत सोबत जेवताना. माझ्या हातातलं पोळीचं भांडं मी इतक्या जोरानं ठेवलं की सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

आता एक सांगायला हवं. आमच्या सासूबाईंच्या माहेरी, भंडाऱ्याकडे, बायको नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवते. लग्न झालं तेव्हा मला याचा राग आला होता. मी शिकलेली, स्वतःचा धंदा असलेली. पण वर्षातले महिने महिने जो माणूस घरी नसतो तो जेवून उठला आणि त्याच्या ताटात आपल्यासाठी एक घास मुद्दाम राखून ठेवलेला दिसला, की राग कुठला राहतो? तो पोळीचा शेवटचा तुकडा दुमडून कडेला ठेवतो. तो माझा. एवढी एक गोष्ट आमच्यात नवरा-बायकोची अशी होती की तिच्यात ना जंगल होतं, ना साहेब.

तो जेवून उठला. सवयीनं पोळीचा तुकडा दुमडून ताटाच्या कडेला ठेवला. आणि मी सवयीनं ते ताट पुढे ओढलं आणि खाली बसले.

कमलेश नळावर हात धूत होता. वळून पाहतच होता तो. त्याचा हात पाण्याखाली तसाच थांबला.

"तुमच्यात बहीण भावाच्या ताटात जेवते?" त्यानं विचारलं. आवाज हसरा होता, डोळे नव्हते.

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. भूपेंद्र दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. तोंडाची मी एवढी फटकळ, पण ताट हातात धरून नुसती बसून राहिले. समोर म्हातारी बसली होती, हात चाटत, कुणाला काय झालं ते न कळता. तिचा जीव माझ्या हातातल्या ताटात होता.

हिरानं मात्र एक पाऊल टाकलं आणि माझ्या हातातून ताट काढून घेतलं. "दे ना, दीदी," ती हसत म्हणाली. मग कमलेशकडे वळून, "मी लाजते म्हणून रोज हीच ओढून देते मला. यांच्यात बायको नवऱ्याच्या ताटात जेवते. मला अजून सवय नाही." आणि ती माझ्या जागी बसली. दुमडलेला पोळीचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

कमलेश खो खो हसला. म्हातारीला गोंडीत सांगितलं, तीही हसली. सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या, "हो बाप्पा, आमच्यात तसंच हाय. नणंदच शिकवते भावजयीले." आणि मला डोळ्यांनी खुणावलं, वाढ.

मी वाढलं. माझ्या नवऱ्याच्या ताटात, दुसऱ्या बाईला, माझ्या हातानं. भात वाढला, रस्सा वाढला. ती खाली मान घालून जेवत होती आणि घाई करत नव्हती. तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते मला त्या दिवशी समजलं. आणि त्या आगीतही मला हे दिसत होतं, की तिनं नसतं ताट घेतलं तर माझ्या एका सवयीनं एक म्हातारी मेली असती. उपकार आणि अपमान एकाच ताटात वाढून आले होते, आणि दोन्ही मला गिळायचे होते.

पाहुणे संध्याकाळच्या आत गेले. ऑपरेशन चांगलं झालं. कमलेशनं गावात जाऊन सुखरामच्या घरची पातोडी कशी तिखट होती ते सांगितलं म्हणे, आणि साहेब खूश झाले. मी कोठीमागून आमच्या लग्नाचा फोटो काढला, पुसला आणि परत लावला. भूपेंद्र म्हणाला, "तुह्यामुळं निभावलं." मी म्हटलं, "माह्यामुळं नाई. तुमच्या बायकोमुळं." तीन दिवस मी त्याच्याशी याखेरीज एक शब्द बोलले नाही, आणि मग त्याची सुट्टी संपली.

त्यानंतर बरेच दिवस काही घडलं नाही. सण येऊन गेले, लग्नसराई सुरू झाली, पार्लर भरून गेलं. रागाच्या भरात मी एकदा फोनवर त्याला म्हटलं होतं, "मरो तुमचा तो सुखराम, एकदाचा. सुटीन मी." तो हसला होता.

मग एका दुपारी पार्लरमध्ये कुणी नसताना मी आरशासमोर कंगवे धूत होते. मान वर केली तर आरशात हिरा होती. दार कधी उघडलं ते कळलं नाही.

"दीदी, बसू का?"

मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि "बस" म्हटलं. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली नाही, स्टुलावर बसली. हात मांडीवर.

"साहेब एक गोष्ट करायचं म्हणतात," ती म्हणाली. "उद्या मला हो-नाही सांगायचंय. यांना विचारलं तर हे म्हणाले, निशाला विचार. म्हणून आले."

"बोल."

"सुखरामला मारून टाकायचं."

मी कंगवा खाली ठेवला.

तिनं सावकाश सांगितलं. त्यांच्या टीममध्ये एक हवालदार आहे, तिच्याच समाजातला, सरळ मुलगा. त्याला हिराशी लग्न करायचंय. पण गावाच्या लेखी तिचं लग्न झालेलं आहे, डोक्यावर पाणी पडलेलं आहे. सोडायचं तर सुखरामनं गावात येऊन, सगळ्यांसमोर काडी मोडावी लागते. मग शंभर प्रश्न, आणि कमलेश. म्हणून साहेब म्हणाले, सोपं आहे. कुम्हारीजवळ हायवेवर ट्रकनं उडवला असा निरोप गावी जाऊ दे. हिरा मोकळी. नंतर वर्षभरानं ती कुणाशीही लग्न करू शकते.

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. इतके महिने मी देवाकडे हेच तर मागत होते. ही बाई मोकळी व्हावी, दुसऱ्या कुणाची व्हावी, माझ्या घरातून, फोनमधून, ताटातून जावी. आता ते समोर आयतं ठेवलं होतं. "मला काय विचारतेस?"

"आमच्याकडे गेलेल्या माणसाचा दगड उभा करतात, दीदी. त्याच्यावर त्याचं चित्र काढतात. गावाला जेवण घालतात. आईला आता दिसतं. ती रोज त्या दगडापाशी बसेल."

"नाव तर सुखरामचं राहील ना त्याच्यावर?"

"नाव सुखरामचं. रडतील ते मात्र यांच्यासाठी. आईनं यांच्याच चेहऱ्याला हात लावला होता."

बाहेर रस्त्यावर कोचिंग क्लास सुटला होता, मुलं हसत-ओरडत सायकली काढत होती. भूपेंद्र त्या क्षणी कुठे होता मला माहीत नव्हतं. सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. जंगलात शिरले की फोन बंद असतो. त्याच जंगलात एक गाव आहे, त्या गावात लोक त्याच्यासाठी रडणार, त्याचा दगड रोवणार, त्याच्या नावानं तेराव्यासारखं जेवण जेवणार. आणि तो त्या दगडाच्या दोन डोंगर पलीकडे चालत असणार, पाय न वाजवता. मी मनाला म्हटलं, निशा, तू शिकलेली बाई आहेस, हे नाटक आहे. मन ऐकेना. लग्नही नाटकच होतं, आणि ते किती खरं झालं हे मी पाहिलं होतं.

"नको," मी म्हटलं.

"दीदी, नीट विचार करून सांगा."

"केला विचार. नको म्हणते ना? जिवंत माणसाचा दगड नाही लावायचा. राहू दे त्याला."

"मग मी गावात त्याचीच बायको राहीन."

"राहा."

"कायमची. माझं दुसरं लग्न नाही होणार."

"माहीत आहे मला," मी ओरडलेच. "तुझं वय काय, तुझं नुकसान किती, सगळं दिसतंय मला. तरी नको. माझा नवरा तुझा नवरा म्हणून राहू दे, पण राहू दे."

हे बोलून झाल्यावर मला वाटलं ती रडेल, किंवा निदान वाद घालेल. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, समोर चांगला मुलगा तयार, आणि मी तिचं पुढचं आयुष्य माझ्या एका भीतीसाठी बांधून टाकत होते. मी तिच्याकडे बघायचं टाळून आरशात बघितलं. आरशात तीच होती. तिनं डोळे मिटले होते आणि मांडीवर घट्ट आवळलेली तिची बोटं एकेक करून सैल होत होती. मग तिनं लांब श्वास सोडला आणि तिच्या चेहऱ्यावर ते आलं, जे मी रोज इथे, याच आरशात, मांडवात जायला उठलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर बघते.

"तुम्ही नाही म्हणालात असं सांगते मी साहेबांना," ती म्हणाली. "आणि त्या हवालदारालाही."

ती वाकून माझ्या पाया पडली आणि आली तशीच गेली.

आवाज न करता चालणारी बाई ती. सगळ्या फोर्सला तिनं शिकवलं, की हवं ते मिळवायला लपून जावं लागत नाही, उघड्या दारानं, सगळ्यांसमोर, दुसऱ्याच्याच तोंडून होकार घेऊन जायचं. मी धावत दारापर्यंत गेले. ती कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत पोचली होती, हाक मारली असती तर वळली असती. हाक मारून काय सांगणार होते? दिलेला शब्द मागे घ्यायचा तर मला भूपेंद्रला मारायला सांगावं लागलं असतं.